लाइफबोट स्टेशनवर कोण काय करतं? (किनाऱ्यावरच्या माणसांसह)

वाशिष्ठी

नमस्कार मंडळी,

मागे एका धाग्यावर इंग्लंडमधल्या लाइफबोटींचा, म्हणजे समुद्रात अडकलेल्यांना सोडवायला किनाऱ्यावरून निघणाऱ्या बोटींचा, विषय निघाला होता. ही माणसं कोण असतात, नोकरीवर असतात का, पगार मिळतो का, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. दोन ओळींत सांगून भागणारं नाही, म्हणून वेगळा धागा काढते आहे. मी उत्तर डेव्हनमध्ये राहते, औषधाच्या दुकानात काम करते आणि आमच्या गावच्या लाइफबोट स्टेशनवर शोअर क्रूमध्ये आहे. म्हणजे मी बोटीवर जात नाही. बोट पाण्यात घालायची आणि परत आली की बाहेर काढायची, हे आमचं काम.

संस्था म्हणजे आरएनएलआय, रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन. सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने ४ मार्च १८२४ रोजी लंडनमध्ये स्थापना झाली. आज ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर मिळून २३८ स्टेशनं आहेत. हे सरकारी खातं नव्हे, धर्मादाय संस्था आहे, आणि बोटीवरची बहुतेक माणसं बिनपगारी. दोनशे वर्षांत १ लाख ४६ हजारांहून जास्त जीव वाचवल्याची नोंद आहे. समुद्रावर पोट असलेली माणसंच यात असतील असं वाटतं, पण आता दहातला एखादाच पेशाने दर्यावर्दी असतो. आमच्याकडे सुतार आहे, शाळेतली शिक्षिका आहे, केक करून विकणारी एक मुलगी आहे.

आता कामं. मी बोटीपासून सुरुवात करत नाही, कारण बोट सुटायच्या आधी बरंच काही घडलेलं असतं.

समुद्रात कोणी अडकलं की ९९९ या आणीबाणीच्या नंबरला फोन जातो आणि तिथून तो कोस्टगार्डकडे येतो. कोस्टगार्ड सरकारी आहे, शोध आणि सुटकेचा सगळा समन्वय त्यांच्याकडे. पण लाइफबोट हवी असली तरी ते बोटीला थेट हुकूम सोडत नाहीत. स्टेशनच्या लाँच अथॉरिटीला, म्हणजे बोट सोडायची की नाही ते ठरवणाऱ्याला, विचारतात. हा माणूस (किंवा बाई) गावातलाच, स्वयंसेवकच. तो कोस्टगार्डशी बोलून घेतो: झालंय काय, कुठे, माणसं किती, वारा कुठून आणि किती, भरती आहे की ओहोटी, मोठी बोट पाठवायची की छोटी. मग तो हो म्हणतो आणि त्यानंतर आमचे पेजर वाजतात.

मला या कामाबद्दल सगळ्यात जास्त आदर आहे. पहाटे तीन वाजता अंथरुणात उठून बसून ठरवायचं की शेजाऱ्यांच्या मुलांना या हवेत बाहेर पाठवायचं की नाही. आणि पाठवलं की ती सुखरूप परत येईपर्यंत डोळा लावायचा नाही. याचा फोटो कधी पेपरात येत नाही.

त्याच्या वर सबंध स्टेशनची जबाबदारी असलेला लाइफबोट ऑपरेशन्स मॅनेजर असतो, तोही स्वयंसेवक. पूर्वी या पदाला ऑनररी सेक्रेटरी म्हणत. वेळापत्रक, कागदपत्रं, माणसांचे रुसवेफुगवे, सगळं त्याच्याकडे.

पेजर वाजला की जो जिथे असेल तिथून धावतो. दहाएक मिनिटांत बोट पाण्यात असावी असा प्रयत्न असतो. कधी सहा जागांना बारा माणसं हजर होतात, कधी जेमतेम सहा. कोणाला घ्यायचं ते मोठ्या बोटीवर कॉक्सवेन, म्हणजे बोटीचा प्रमुख, ठरवतो. बोटीवर गेल्यावर शेवटचा शब्द त्याचा, पण त्याची खरी कसोटी ही निवड करताना लागते असं मला वाटतं. कोण आज दमलेला आहे, कोणाच्या घरी तान्हं मूल आहे, कोण नवीन आहे पण आजची हवा त्याला शिकायला बरी आहे, हे सगळं कपडे चढवता चढवता त्याच्या डोक्यात चाललेलं असतं. ज्याला जागा मिळत नाही तो घरी जात नाही. तो आमच्यात येऊन दोर धरतो.

आमच्याकडची मोठी बोट शॅनन वर्गाची. लांबी १३.६ मीटर, वजन १८ टन, वेग २५ नॉट. तिला पंखा नाही, पाण्याच्या जेटवर चालते, म्हणून उथळ पाण्यात आणि वाळूवर येऊ शकते. उलटली तर आपोआप सरळ होते. तिच्यावर कॉक्सवेन, मेकॅनिक, नॅव्हिगेटर आणि बाकीचे क्रू. मोठ्या बोटींच्या बहुतेक स्टेशनांवर मेकॅनिक पगारी असतो आणि ते रास्त आहे, कारण रोज इंजिनं बघायची म्हणजे संध्याकाळी वेळ काढून होणारं काम नव्हे. नॅव्हिगेटर आपल्या खुर्चीसमोरच्या पडद्यावर रडार, नकाशा, सगळं बघतो आणि शोध कसा घ्यायचा ते आखतो. माणूस पाण्यात पडला ती जागा नक्की माहीत असेल तर तिथून चौकोन मोठा करत करत बाहेर जायचं. माहीत नसेल तर शेत नांगरतात तसं समांतर पट्ट्यांत जायचं आणि यायचं.

छोटी बोट डी-क्लास. पाच मीटरची रबरी, एक इंजिन, दोन-तीन माणसं. तिच्यावरच्या प्रमुखाला हेल्म म्हणतात. खडकांच्या फटीत, कड्याखाली, जिथे मोठी बोट जाऊच शकत नाही तिथे ही जाते. भरतीत अडकलेले लोक, फुगवलेल्या खेळण्यावर बसून वाहून गेलेली मुलं, हे सगळं तिच्या वाट्याला.

बाकी प्रश्न विचारा, जमेल तसं सांगेन.

हर्णैकर

छान धागा. आमचं घर मासेमारीतलं, त्यामुळे एकदम जवळचा विषय.

एक समजलं नाही. १८ टनांची बोट बंदरात नांगरून ठेवत नाही का? आमच्याकडे होडी वाळूवर ओढायची म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आधी वर्षातून एकदा, आणि त्यालाही पंधरा-वीस माणसं, खाली ओंडके आणि वर आरोळ्या. तुम्ही हे अर्ध्या रात्री, उधाणात, दर वेळी करता?

वाशिष्ठी

@हर्णैकर, बऱ्याच ठिकाणी बोट बंदरात तरंगतीच असते. काही ठिकाणी उतरत्या धक्क्यावरून थेट पाण्यात सोडतात, ते बघण्यासारखं असतं. पण जिथे ओहोटीला बंदर कोरडं पडतं तिथे गाड्यावर ठेवावी लागते. ब्रिस्टल खाडीत भरती-ओहोटीतला फरक जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी आहे, त्यामुळे आमच्या बाजूला पाणी कुठल्या कुठे जातं.

शॅननसाठी खास ट्रॅक्टर आणि गाडा आहे. ट्रॅक्टरला रणगाड्यासारखे पट्टे. तो बोट घेऊन सरळ लाटांत शिरतो. ट्रॅक्टर चालवणारा वेगळा स्वयंसेवक आणि त्याला इशारे देणारा हेड लाँचर वेगळा. आत बसलेल्याला मागचं काही दिसत नाही आणि लाटांच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, तेव्हा हेड लाँचरचे हात हेच सगळं. वाळू कुठे खचली आहे, लाटांमध्ये उसंत कधी मिळते, हे तो बघतो. कॉक्सवेन तयार झाला की बोट सुटते आणि जेटचा फवारा आमच्या अंगावर येतो.

बाहेर काढणं मात्र सोडण्यापेक्षा अवघड. कॉक्सवेन बोट वेगाने सरळ किनाऱ्यावर चढवतो, नाक पुढे. वाळूवर ती थांबली की आम्ही कमरेएवढ्या पाण्यात जाऊन तार अडकवतो. अंगात ड्रायसूट, लाइफजॅकेट, डोक्याला हेल्मेट. तार ताणली जाते तेव्हा तिच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. तुटली तर पाय जाईल. मग बोट गाड्यावर ओढली जाते आणि गाड्याचा वरचा भाग बोटीसकट फिरतो. नाक परत समुद्राकडे. म्हणजे लगेच दुसरा कॉल आला तरी तयार.

त्यानंतरचं काम कोणी विचारत नाही, पण तेच मला आवडतं. गोड्या पाण्याने सगळं धुवायचं. बोट, गाडा, पट्ट्यांत अडकलेली वाळू आणि शेवाळ, लाइफजॅकेटची प्रत्येक चेन. चेनमध्ये मीठ राहिलं की ती पुढच्या वेळी अडते, आणि पुढच्या वेळी ती घालणाऱ्याकडे सेकंद मोजायला वेळ नसतो. बोटांना थंडीने काही कळत नाही, तरी चेन वर-खाली करून बघायचीच. इंधन भरायचं. मग कोस्टगार्डला कळवायचं की बोट सेवेला तयार आहे. ते कळवल्याशिवाय कॉल संपला असं आम्ही धरत नाही.

आणि ओंडके म्हणालात म्हणून सांगते. केंटमध्ये डंजनेसला अगदी विसाव्या शतकातही गावातल्या बायका बोट ढकलायला यायच्या. तिथला किनारा गोट्यांचा. बोटीखाली तेलकट फळ्या टाकायच्या, बोट पुढे सरकली की मागच्या उचलून पुढे धावायचं. नवरे आणि भाऊ बोटीत, ह्या बायका लाटांत. त्यांच्याशिवाय ती बोट निघालीच नसती.

हर्णैकर

हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या आजीने असेच ओंडके टाकलेत.

आमच्याकडे होडी वेळेवर आली नाही की नाखवा, तांडेल कोणी कोणाला विचारत बसत नाही. वायरलेसवर हाक जाते आणि जवळच्या सगळ्या होड्या शोधायला वळतात, स्वतःची जाळी सोडून. कोस्टगार्डचा १५५४ हा मदतीचा नंबर आहे, होड्यांवर आता डॅट नावाचं यंत्रही असतं, कळ दाबली की उपग्रहातून संदेश जातो. पण तटरक्षकाचं जहाज पोचेपर्यंत शेजारची होडीच पोचलेली असते. फक्त आमच्याकडे हे सगळं अंगवळणी पडलेलं आहे, लिहून ठेवलेलं नाही. कोणी हो म्हणायचं, कोणी किनाऱ्यावर थांबायचं, हे ठरलेलं नसतं. त्यामुळे कधी कधी जायला नको होतं अशा हवेतही चार होड्या जातात.

अनिरुद्ध_पुणे

लेख उत्तम, पण मूळ मुद्दाच मला पटत नाही. ब्रिटनसारखा श्रीमंत देश समुद्रातली सुटका देणग्यांवर आणि फुकट काम करणाऱ्यांवर का सोडतो? आग लागली तर आपण सुताराला पेजर देतो का? ही सरकारची जबाबदारी आहे आणि स्वयंसेवकांच्या चांगुलपणामुळे सरकार त्यातून सुटतं. शिवाय औषधाच्या दुकानात रांग लागलेली असताना तुम्ही पळालात तर मालक काय म्हणतो?

जुनाखलाशी

अनिरुद्ध, मी मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालो. प्रश्न योग्य आहे, पण इतिहास थोडा वेगळा आहे. या संस्थेने १८५४ पासून सरकारी अनुदान घेतलं होतं आणि १८६९ मध्ये आपणहून सोडलं. पैसे घेतले की हुकूमही घ्यावे लागतात, हे त्यांना नको होतं. आणि सरकार पूर्ण सुटलेलं नाही. समन्वय आणि हेलिकॉप्टरचा खर्च सरकारच करतं.

समुद्रावरच्या आमच्या लोकांना इंग्लिश चॅनलमध्ये शिरलं की एक आधार वाटायचा. व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरवर कोणीतरी ऐकत आहे आणि हाक मारली तर कोणीतरी येईल, हा तो आधार.

वाशिष्ठी

@अनिरुद्ध_पुणे, मालकाचं आधी सांगते. त्याच्या परवानगीशिवाय मी हे करूच शकले नसते. मी दुकानात एकटी असेन तर मी जात नाही, हे ठरलेलं आहे. दोघी असू तर जाते. गावातल्या बेकरीवाल्याने, गॅरेजवाल्याने, शाळेने आपापल्या माणसांना सोडायची तयारी दाखवली म्हणून दिवसाउजेडी बोट निघते. माझ्या लेखी तेही स्टेशनचेच लोक. सुट्टीच्या मोसमात, उन्हाळ्यात, गावात गर्दी असते आणि नेमके तेव्हाच जास्त कॉल येतात. मालकाचं नुकसान होतं, तरी तो सोडतो.

मूळ मुद्द्यावर माझं मत असं: सगळीकडे एकच पद्धत चालत नाही आणि संस्थाही ते जाणते. १९८९ मध्ये टेम्स नदीत मार्शनेस नावाची बोट बुडून ५१ जण गेले. त्यानंतर २००२ पासून लंडनमध्ये टेम्सवर लाइफबोट स्टेशनं सुरू झाली. टॉवर स्टेशनवर पगारी क्रू चोवीस तास असतो आणि कॉल आल्यापासून दीड मिनिटात बोट निघाली पाहिजे. लंडनच्या वाहतुकीतून घरून धावत येणाऱ्यांकडून ते होणार नाही. पण आमच्या किनाऱ्यावर कोणत्या खडकाखाली ओहोटीला वाट उघडते आणि कधी बंद होते, हे गावातल्या माणसाला माहीत असतं. तीन वर्षांनी बदली होणाऱ्याला ते कसं कळणार? इथे गावानेच हे करावं असं मला मनापासून वाटतं.

पैशाचं म्हणाल तर दहातले सुमारे सहा लाँच मृत्युपत्रात ठेवून गेलेल्या पैशांवर होतात. ज्यांना हे कधी बघायला मिळालं नाही अशा माणसांनी ठेवलेले ते पैसे.

अनिरुद्ध_पुणे

टेम्सचं उदाहरण पटलं. मृत्युपत्राचं माहीत नव्हतं. जबाबदारी सरकारची, हे मत तसंच आहे, पण स्थानिक माहितीचा मुद्दा मान्य.

मृणाल_भूलतज्ज्ञ

वाशिष्ठी, वैद्यकीय बाजू सांगशील का? बोटीवर डॉक्टर असतो का? हायपोथर्मियाच्या (गारठून शरीराचं तापमान फार उतरलेल्या) रुग्णाला बोटीत उचलतानाच हृदय बंद पडल्याच्या घटना आम्ही शिकलो आहोत.

वाशिष्ठी

मृणालताई, बरोबर बोट ठेवलंत.

बोटीवर बहुतेक वेळा डॉक्टर नसतो. बऱ्याच स्टेशनांना गावातला एखादा डॉक्टर वैद्यकीय सल्लागार म्हणून जोडलेला असतो, पण क्रूमधल्या लोकांना संस्थेचाच कॅज्युअल्टी केअर नावाचा अभ्यासक्रम करावा लागतो. त्याची रचना मला फार शहाणपणाची वाटते. निदान करत बसू नका, आधी एवढंच ठरवा की माणूस फार आजारी आहे की थोडा. फार असेल तर काय, ते भिजणार नाही अशा कार्डावर क्रमाने लिहिलेलं. हलत्या बोटीत, अंधारात, हातमोजे घालून वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत. ऑक्सिजन असतो, वेदनेसाठी एन्टोनॉक्स हा वायू असतो.

बराच वेळ गार पाण्यात असलेल्या माणसाला जमेल तेव्हा आडवाच उचलायचा, हे पक्कं शिकवतात. पाण्याचा दाब पायांवर असतो तो एकदम गेला की रक्त खाली उतरतं आणि रक्तदाब कोसळतो. उभा खेचून काढला तर वाचवता वाचवता जातो. अगदीच श्वास घ्यायची मारामार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा जसा येईल तसा आत घ्यायचा.

आणि जे कॉल वाईट होतात त्यांच्यानंतर क्रूशी बोलायला स्टेशनांतलीच प्रशिक्षण घेतलेली माणसं असतात. दोन-तीन दिवसांनी बसतात, झोप लागते का, जेवण जातं का, विचारतात. हेही एक कामच आहे आणि ते पूर्वी नव्हतं. जुने लोक सांगतात, आम्ही पबमध्ये जाऊन गप्प बसायचो.

जुनाखलाशी

निवडीबद्दल वर लिहिलंय, त्यावरून पेनली या लाइफबोट स्टेशनची गोष्ट सांगतो. ती माहीत नसेल तर कॉक्सवेन म्हणजे काय ते पुरतं कळत नाही.

१९ डिसेंबर १९८१, कॉर्नवॉल. युनियन स्टार नावाचं नवंकोरं मालवाहू जहाज इंजिन बंद पडून खडकांकडे वाहत होतं. जहाजावर आठ माणसं, त्यांत कॅप्टनचं कुटुंब. वारा चक्रीवादळाच्या वेगाचा. नौदलाचं हेलिकॉप्टर आलं, पण त्या वाऱ्यात आणि डोलणाऱ्या डोलकाठीमुळे कोणाला उचलू शकलं नाही. माउसहोल गावचा कॉक्सवेन ट्रेव्हेल्यन रिचर्ड्स याने सॉलोमन ब्राऊन ही लाकडी लाइफबोट काढली. बरोबर सात जण निवडले. सतरा वर्षांचा नील ब्रॉकमन धावत आला होता, त्याला घेतलं नाही, कारण त्याचे वडील नायजेल आधीच बोटीवर होते. रिचर्ड्सने एका घरातले दोघं न्यायला नकार दिला.

लाइफबोटीने जहाजाला परत परत अंग लावलं. चौघांना घेतलंय, असा तिचा संदेश आला. त्यानंतर काही नाही. दोन्हीकडचे मिळून सोळा जण गेले.

दुसऱ्या दिवसाच्या आत त्या छोट्या गावात नवा क्रू उभा राहील इतक्या लोकांनी नावं दिली. नील ब्रॉकमन पुढे त्याच स्टेशनचा कॉक्सवेन झाला.

मी हे मुद्दाम लिहितोय, कारण इथे सगळे निघालेल्यांचं धाडस सांगतात. त्या रात्री एका मुलाला थांबवण्याचा निर्णयही त्याच माणसाने, त्याच घाईत घेतला होता.

हर्णैकर

काका, हे पहिल्यांदाच वाचलं. आमच्याकडे एकाच होडीवर बाप आणि दोन मुलगे असणं सर्रास. यावर घरी बोलणार आहे.

चिपळूणचा_मंदार

आयडी बघूनच धागा उघडला, वाशिष्ठीताई, तुम्ही आपल्याकडच्याच दिसता!

२२ जुलै २०२१ चा पूर आठवला. आमच्या आळीत रबरी होडी आली तेव्हा ती कुठे न्यायची हा मोठा प्रश्न होता. समोरच्या इमारतीत एक शिक्षिका राहतात. त्यांनी गच्चीवरून ओरडून ओरडून यादी केली होती: कोणाकडे आजारी माणूस, कोणाकडे बाळंतीण, कोण पहिल्या मजल्यावर अडकलंय. होडीतल्यांना त्यांनी वरून क्रम सांगितला. त्या पाण्यात उतरल्याच नाहीत. पण त्या नसत्या तर होडी नुसती फिरत राहिली असती.

तुमचा लाँच अथॉरिटी वाचताना त्याच डोळ्यांसमोर आल्या.

वाशिष्ठी

मंदार, हो, माहेर चिपळूणचंच. त्या दिवशी मी इथे फोन हातात धरून बसले होते. त्या बाईंना माझा नमस्कार सांग.

इथे संस्थेचं पुराच्या पाण्यासाठी वेगळं पथकही आहे, कारण वाहत्या पुराचं पाणी आणि समुद्राचं पाणी यांचं शिक्षण वेगळं लागतं.

गच्चीवरून यादी करणं हे फार मोठं काम आहे. लिनमथची गोष्ट त्यासाठीच सांगायची होती. ते आमच्या जवळच. १२ जानेवारी १८९९ ला फॉरेस्ट हॉल नावाचं जहाज पोरलॉकच्या समोर अडचणीत सापडलं. लिनमथच्या धक्क्यावर लाटा अशा की लाइफबोट सोडणंच शक्य नव्हतं. कॉक्सवेन जॅक क्रोकोम म्हणाला, मग जमिनीवरून पोरलॉकला नेऊ आणि तिथून सोडू. तेरा मैल, मध्ये काउंटिसबरीचा खडा चढ. सुमारे शंभर माणसं आणि अठराएक घोडे. माणसांतली काही जण कुदळी-फावडी घेऊन पुढे गेली, रस्त्याच्या कडा खणून रुंद करत. एका ठिकाणी वाट इतकी अरुंद की बोट गाड्यावरून उतरवून ओंडक्यांवरून ओढत नेली. रात्रभर पावसात हे चाललं. सकाळी बोट समुद्रात गेली आणि जहाजावरची सगळी माणसं वाचली.

पुढे फावडी घेऊन गेलेल्यांची नावं फारशी कोणाला ठाऊक नाहीत. मला त्यांच्याबद्दल वाचायला मिळालं तर फार आवडेल.

गॉलवेची_सई

मी आयर्लंडमध्ये आहे. इथेही हीच संस्था, देश वेगळा असला तरी. समन्वय फक्त आयरिश कोस्टगार्ड करतं.

मी निधी जमवण्याच्या गटात आहे. यात्रेत, जत्रेत, सुपरमार्केटच्या दाराशी डबा घेऊन उभं राहायचं. सुरुवातीला मला वाटायचं हे फार बाजूचं काम आहे. मग एकदा स्टेशनवर क्रूचे सूट वाळत टांगलेले बघितले आणि एकेकाची किंमत ऐकली. तेव्हापासून डबा हलका लागत नाही.

शाळांमध्ये जाऊन मुलांना सांगणारे स्वयंसेवकही असतात. गार पाण्यात पडलात तर लगेच हातपाय मारू नका. पहिली दोन मिनिटं धाप लागते, तेव्हा पाठीवर आडवे व्हा, कान पाण्यात, नुसतं तरंगा. धाप उतरली की मग हाक मारा किंवा पोहा. मी हे माझ्या भाच्यांना अलिबागला फोनवरून पाठ करायला लावलंय. आपल्याकडचं पाणी एवढं गार नसलं तरी दमछाक होऊन बुडणं तसंच असतं.

तनुजा_स्वानसी

सगळा धागा एका दमात वाचला. मी वेल्समध्ये, मम्बल्सपासून जवळ राहते. वय बावन्न. पोहता येत नाही, बोट लागते, रात्री गाडी चालवायला भीती वाटते. कामावरून आता थोडी मोकळी झाले आहे. माझ्यासारखीला स्टेशनवर खरंच काही करता येईल का, की उगाच अडगळ होईन?

वाशिष्ठी

तनुजाताई, नक्की येईल. तुम्ही आधी काय काम करत होता?

तनुजा_स्वानसी

इथल्या एका गोदामाच्या ऑफिसात हिशेब आणि मालाची नोंद. वीस वर्षं तेच.

वाशिष्ठी

मग तुमची वाट बघत असतील! बऱ्याच स्टेशनांना लागून दुकान असतं. कॉफीचे मग, टी-शर्ट, नाताळची कार्डं, मुलांच्या खेळण्यातल्या बोटी. त्याची उलाढाल, साठा, मोसमाच्या आधी मागणी नोंदवणं, हे सगळं स्वयंसेवक करतात आणि मालाची नोंद ठेवायला आवडणारी माणसं सहजी मिळत नाहीत. निधी गटाला खजिनदार लागतो. बोटीवरच्या आणि शोअर क्रूच्या प्रशिक्षणाच्या नोंदी ठेवणारं कोणीतरी लागतं. कोणाचा कोणता भाग झाला, कोणाचा राहिला, कोणाची मुदत संपत आली, हे नीट नसेल तर कॉक्सवेनला निवड करताना आधार राहत नाही. यातलं काहीही करायला पाण्यात पाय घालावा लागत नाही. लोकांशी बोलायला आवडत असेल तर स्टेशन बघायला येणाऱ्या शाळांना माहिती सांगायचं कामही आहे.

असं करा. सरावाचा दिवस ठरलेला असतो, बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एका संध्याकाळी. तो कोणता ते दुकानात विचारा आणि त्या दिवशी जा, उन्हाळ्यात गेलात तर उजेड असेल, गाडीचा प्रश्न येणार नाही. क्रू कपडे घालायच्या गडबडीत असतो तेव्हा नको. बोट गेली की किनाऱ्यावर जे उरतील त्यांच्याशी बोला, त्यांच्याकडे तेव्हा वेळ असतो. संस्थेच्या संकेतस्थळावर स्वयंसेवकांच्या रिकाम्या जागा स्टेशनप्रमाणे दिलेल्या असतात, पण छोट्या कामांची गरज तिथे नेहमी लिहिलेली नसते, ती विचारल्यावरच कळते. ओळखपत्रं आणि तुमच्याबद्दल सांगू शकतील अशा माणसांची नावं तयार ठेवा.

जाऊन आलात की इथे लिहा, कोणतं काम मिळालं ते.